नववीतलं बाळंतघर

आमचा मळा अमरावतीबाहेर, बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून होता. घर मळ्यातच, मातीच्या भिंतींचं, आणि घराचा दिवस मोटेच्या कुरकुरीनं उघडायचा. बाबा बैलांशी बोलत, बैल धावेवरून उतरत, पाणी धबकन थारोळ्यात पडे, आणि त्या आवाजाच्या तालावर माय सांबाराच्या जुड्या बांधत बसे. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या माणसांना हे सांगावं लागतं. वांगी, पालक, चवळीच्या शेंगा दादा गाडीत भरून बाजारात नेई. फुलं वयनीकडे. वयनी म्हणजे दादाची बायको कमळा, तेल्हाऱ्याची, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी. शेवंतीच्या ढिगाशी बसून ती हार ओवी आणि मी शाळेच्या पुस्तकातलं काहीतरी तिला मोठ्यानं वाचून दाखवी. सकाळी ज्वारीची भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, संध्याकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी, वरून लसणाची कडकडीत फोडणी. फोडणी पडली की माय म्हणे, "चला, पोट्टेहो." वयनीला आणि मला ती एकाच ताटात वाढायची. आम्ही दोघी भाजीतल्या लसणावरून भांडायचो, आणि हरली तरी वयनीच हसायची.

माळ्याची मुलगी हायस्कुलात जाते याचं वस्तीत नवल होतं. बाबा मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात भाजी देत. तिथल्या मोठ्या बाईंनी एकदा मला गाडीवर बसून पाटीवर काहीतरी गिरवताना पाहिलं आणि फी माफ करून शाळेत घेतलं, एवढंच त्याचं कारण. माय कुरकुरली होती, बाबा मात्र म्हणाले, "शिकू दे. लग्न ठरेतो शिकू दे." हे 'ठरेतो' माझ्या डोक्यावर सदैव लटकत असे. पाहुणे म्हणून कुणीही घरी आले की मी आधी त्यांच्याबरोबर मुलगा आहे का ते पाही.

मी नववीत गेले आणि लिमये बाई आल्या. जबलपूरहून शिक्षकीचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. शिडशिडीत, कपाळ मोकळं, पांढरं लुगडं. लहानपणीच वैधव्य आलं होतं, असं मुली कुजबुजत. पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "या वर्षी आपण एक काम हाती घ्यायचं. ते काम करताना जे गणित लागेल ते शिकायचं, जे शास्त्र लागेल ते शिकायचं, जे लिहावं लागेल ते लिहायचं. पण काम तुम्ही निवडायचं. तुम्हाला खरोखर कशाचं उत्तर हवं आहे?" त्याला त्या इंग्रजीत प्रोजेक्ट म्हणत. आम्ही त्याला 'बाईंचं परोजेक' म्हणू लागलो.

आम्हाला काय हवं आहे, असं शाळेत तोवर कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या बाकावरची प्रमिला, एका मोठ्या वकिलांची मुलगी, म्हणाली, "बाई, आपण शिवनेरीचा किल्ला करू या." कुणी भरतकाम म्हणालं. बाई मान हलवत राहिल्या, पण फळ्यावर काही लिहीनात. माझ्या शेजारी शांता बसायची. तिच्या आईचं तान्हं बाळ नुकतंच गेलं होतं, आणि त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी शाळेत आली होती. ती खाली मान घालून होती. मला माझ्या मायची आठवण झाली. तिची सात झाली होती, आम्ही चौघं उरलो होतो. गेलेली तिघं पाचवी पुजल्यावर, दूध तोंडात घेईनाशी होऊन गेली. मी उभी राहिले आणि विचारलं, "बाई, बाळं पाचवी झाल्यावरच काहून मरतात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि माझा प्रश्न जसाच्या तसा, 'काहून'चं 'का' न करता, फळ्यावर लिहिला.

त्यानंतरचे महिने हे माझ्या शिक्षणाचे खरे महिने. आधीचं आणि नंतरचं शिक्षण मला फारसं आठवत नाही. आम्ही प्रत्येकीनं आपापल्या घरातली बाळंतिणीची खोली मोजून आणली. लांबी, रुंदी, उंची, दार केवढं, खिडकी आहे का. बहुतेकींच्या घरी खिडकी नव्हती, आणि जिथे होती तिथे बाळंतपणाच्या वेळी ती गोणपाटानं बुजवत. त्या मापांवरून घनफळ आलं, घनफळावरून हवा आली, हवेवरून श्वास. गणिताला घाबरणारी मी फळ्यावर खोल्यांची घनफळं काढू लागले. बाईंनी बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना वर्गात बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शक आणला होता. शेणाच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि आम्हाला एकेकीला बघू दिलं. त्यात काहीतरी वळवळत होतं. "यातले काही जंतू धनुर्वाताचे असतात," त्या म्हणाल्या. "नाळ विळ्यानं कापता, वर शेणीची राख लावता, तेव्हा ते बाळाच्या पोटात शिरतात. मग बाळाची दातखिळी बसते." शांता तिथेच रडू लागली. बाईंनी तिला बाहेर नेलं नाही. तिच्या बाकाशी जाऊन बसल्या आणि तिचं रडणं होईतो वर्ग थांबला.

लाकडाच्या वखारीसारखी एक रिकामी खोली शाळेमागे होती. ती आम्ही झाडली, चुन्यानं पांढरी केली, तिची बुजलेली खिडकी उघडली. शिवणाच्या तासाला जुन्या धोतरांची दुपटी शिवली. एक बाज, एक शेगडी, एक पातेलं, त्यात उकळायला कात्री आणि दोरा. आणि चिंध्यांची एक बाहुली. तिच्या पोटाला सुतळीची नाळ मी शिवली. आम्ही आळीपाळीनं हात साबणानं धुऊन, दोन ठिकाणी दोरा बांधून मधोमध नाळ कापायला शिकलो. कापल्यावर पुन्हा शिवून घ्यायची जबाबदारी माझी.

मग बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे बाळंतपणाला कोण येतं?" आमच्याकडे आमिनाबी येई. दादापासून आम्ही सगळे तिच्याच हातचे. आमचा मळा, पलीकडची मोमीनांची वस्ती, रस्त्यापलीकडची कुणब्यांची घरं, सगळीकडे तिलाच बोलावणं. बाईंनी तिला निरोप धाडला आणि ती हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन शाळेत आली. बाईंनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, बाजेच्या कडेला टेकली.

"तुम्ही कसं करता, ते आम्हाला दाखवाल?" बाईंनी विचारलं.

आमिनाबीनं बाहुली उचलली, उलटसुलट पाहिली आणि हसली. कनवटीचा लहान विळा काढून तिनं करून दाखवलं. मग आम्ही आमची कात्री उकळून दाखवली. ती बराच वेळ पातेल्यातल्या बुडबुड्यांकडे पाहत होती. "उकळाले काय जाते, बाई," ती म्हणाली. "पाणी तं हर घरात तापतेच. कोनी सांगतलंच नाई आजलोक." जाताना तिनं दोऱ्याची एक गुंडी मागून घेतली. त्या दिवशी आम्हाला वाटलं की अमरावतीतलं एकही बाळ आता मरणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना असं वाटतं.

आता माझ्या नातीच्या शाळेत प्रकल्प असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याचे, झाडांचे, संतांचे छापील चित्रांचे तक्ते मिळतात; तिची आई ते आणते, बाबा कापतो, मुलगी चिकटवते आणि गुण मिळतात. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, हे एक बरं आहे.

काम पुरं झाल्यावर ते आयांना दाखवावं, असं बाईंनी ठरवलं. मोठ्या बाईंनी परवानगीही दिली. त्यांना वाटलं, स्वच्छतेवर काहीतरी आहे. फार आया आल्या नाहीत. माझी माय मळ्यातून येणं शक्यच नव्हतं. वकिलीणबाई मात्र दोघी-तिघी मैत्रिणींना घेऊन आल्या, आणि त्यांनी पाहिलं ते हे, की त्यांची लग्नाची प्रमिला बाजेशी वाकून, बाह्या वर करून, नाळ बांधते आहे आणि गर्भातलं पाणी कधी जातं ते न अडखळता सांगते आहे. त्या प्रमिलाला हाताला धरून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले, त्यांच्यामागून आणखी पालक आले. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार लावलेलं होतं, तरी वकीलसाहेबांचं एक वाक्य बाहेर ऐकू आलं. "आम्ही मुली मॅट्रिकला पाठवतो, सुइणी व्हायला नाही."

खोलीला कुलूप लागलं. लिमये बाई वर्गात आल्या, पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "पान सत्तेचाळीस." आवाज नेहमीसारखाच होता, पण आमच्याकडे न पाहता त्या वाचत होत्या. शांतानं विचारलं, "बाई, आपलं काम?" बाई म्हणाल्या, "परीक्षेत ते येणार नाही." दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा त्या नव्हत्या. अकोल्याला बदली झाली, एवढंच कळलं. निरोप नाही, काही नाही.

बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दादा भाजी विकून परतला तो तोंड पाडून. "लोक म्हनून रायले का माळ्याची पोरगी सुईनपना शिकून रायली," त्यानं ओसरीवर बसत सांगितलं. बाबा चिलीम भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. माय म्हणाली, "झालं तितकं लय झालं. उद्यापासून मळ्यात." मी बाबांकडे पाहत राहिले. ते चिलीम भरतच राहिले. माझी शाळा अशी संपली. फी माफ होती, पुस्तकं मिळालेली होती, डोकंही बरं होतं, आणि तरीही ती एका वाक्यात संपली.

वयनीला तेव्हा सातवा लागला होता. तिला माय नव्हती. तेल्हाऱ्याला सावत्र आई होती. म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच होणार होतं. फुलांशी बसून मी तिला शाळेतलं सगळं सांगितलेलं होतं, बाहुलीचं, बुडबुड्यांचं, काचेवरच्या थेंबाचं. ती हार ओवायची थांबून ऐके. एक दिवस तीच म्हणाली, "यमू, माह्यासाठी ते करशीन? दोरा उकळून ठेवशीन?" मी एक पत्र्याचा डबा घासला, उन्हात तापवला. दोरा आणि दुपटी उकळून, वाळवून त्यात घातली. बाबांची दाढीची नवी पात होती, ती उकळून कापडात गुंडाळून ठेवली. डबा वयनीच्या पेटीत ठेवला. आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नाही. आमिनाबीला मात्र रस्त्यात गाठून सांगितलं. ती म्हणाली, "हाव बेटा, मले याद हाये."

वयनीला कळा सुरू झाल्या तेव्हा दुपारची वेळ होती. मोट सुटली होती, बैल सावलीत होते. कुवार मुलीनं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही, म्हणून मी दाराशी. आमिनाबी आली, मी डबा तिच्या हातात दिला, तिनं तो पदराखाली घेतला आणि आत गेली. गोणपाट लावलेलं दार बंद झालं. थोड्या वेळानं दार उघडलं. माय बाहेर आली, तिच्या हातात डबा होता. तो तिनं माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

"माय, त्यात जंतू नाहीत. मी उकळलंय."

"म्या सात बाळंतपनं काढले याच खोलीत," माय म्हणाली. "माह्या सासूनं बारा काढले. बाळंतिनीपासी विळा असते, तो काई उगाच नसते. नाई त्या वस्तू आनून नजर लावू नोको माह्या लेकराले." ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. तिची तीन गेली होती, आणि ती कशानं गेली याचं उत्तर तिच्यापाशी वेगळं होतं. त्या उत्तरात विळा बाळाला राखणारा होता. तोच काढून घ्या असं मी तिला सांगत होते.

"वयनीनंच मागितला तो," मी म्हणाले.

"तिले काय समजते," माय म्हणाली आणि आत गेली. मी दार ढकललं. ते आतून लावलेलं होतं. मी दार वाजवत राहिले तेव्हा बाबांनी येऊन मला दंडाला धरून विहिरीवर नेलं. ऊन उतरायच्या आत मुलगा झाला. माय ओसरीवर येऊन गूळ वाटू लागली.

आमिनाबी निघाली तेव्हा मी तिला फाटकाशी अडवलं. ती माझ्या डोळ्यांत पाहत नव्हती. "बेटा, घरधनीन तुही माय हाये," ती म्हणाली. "मी बलावल्यावर येनारी बाई. घरच्या मोठीच्या मनाखिलाफ कसं करू? उद्या मले कोन बलावीन?" मग हळूच म्हणाली, "विळा म्या पान्यात बुडवला. गरम व्हतं पानी." ते पाणी उकळत होतं का, हे मी विचारलं नाही. राखेचं तर विचारायचीच गरज नव्हती. शेण्या जाळल्याचा वास घरभर होता.

बाळ चांगलं होतं. हातपाय मारी, दूध ओढी. पाचवी पुजली, आमच्या घरी वाफवलेल्या डाळीचे फुणके आणि कढी झाली, आणि मला वाटू लागलं की काचेखालचं ते सगळं कदाचित शाळेपुरतंच असेल. मग एका सकाळी वयनीनं आतून हाक मारली. तोवर मला आत जायची मोकळीक मिळाली होती. बाळ स्तन तोंडात घेईना. घ्यायला बघे, पण ओठ आवळलेले, जबडा उघडेना. मायनं मध लावून पाहिला. मोटेचा धबाका झाला तसं ते ताठलं, पाठ कमानीसारखी झाली. डॉक्टरीणबाईंनी अगदी असंच वर्णन केलं होतं. वयनीनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही ठाऊक होतं. मीच तिला सांगितलं होतं.

दादानं गाडी जुंपली. मी बाळाला मांडीवर घेतलं, वयनीला कुणी येऊ दिलं नाही. प्रत्येक खड्ड्याला ते ताठे. बायकांच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दुपटं उघडलं, राखेनं काळी पडलेली नाळ पाहिली आणि मग मला ओळखलं. "तू लिमये बाईंच्या वर्गातली ना?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर शिकवलं होतं." त्यांचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. दादा शेजारी उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि घरी कधी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन परत निघालो. आता गाडी खड्ड्यांतून गेली तरी ते ताठत नव्हतं.

मायनं खूप आकांत केला. देवानं दिलं, देवानं नेलं, म्हणत ती कपाळ बडवून घेत होती, आणि शेजारच्या बायका तिला धरून त्याच सुरात रडत होत्या. वयनी रडली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दूध आलेलं होतं, छाती बांधून ठेवली होती. पुष्कळ दिवसांनी, आम्ही पुन्हा फुलांशी बसलो तेव्हा ती बोलली.

"यमू, तू मले ते सांगाले नोको होतं."

मी सुई थांबवली.

"माहीत नसतं तं मीबी म्हनली असती का देवानं नेलं. मामीसंगं रडली असती. आता मी रोज तिच्या हातची भाकर खातो अन् मले ठाऊक हाये. कोनाले सांगू? कोनावर रागावू? तिचाबी जीव जाऊन रायला."

सासूला ती मामी म्हणे. तिनं एवढं बोलून पुढचं फूल ओवलं. त्यानंतर तिनं मला कधी वाचून दाखव म्हटलं नाही. मीही पुस्तक बाहेर काढलं नाही. तिला पुढे मुलं झाली, काही राहिली, काही गेली. आमच्यात बोलणं होई, पण ते भाजीचं, पावसाचं, पाहुण्यांचं.

माझं लग्न अकोल्याला झालं. नवरा सरळ माणूस, भाजीची अडत होती. सासर मोठं, सासूबाई कर्तबगार. मला दिवस राहिले तोवर माझी माय गेली होती, तेव्हा बाळंतपण सासरीच ठरलं. नववा लागत आला तसं मला धड झोप येईना. एक दिवस ओळखीच्या एका जैन घरी फुलं द्यायचं निमित्त काढून मी टांग्यानं, लिमये बाईंची बदली झाली होती त्या मुलींच्या शाळेवर गेले. बाई व्हरांड्यातच भेटल्या. त्यांचे केस पांढरे होऊ लागले होते. मला त्यांनी ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, 'काहून' सांगितलं, बाहुली सांगितली. मग वयनीच्या बाळाचं सांगितलं. त्या खांबाला टेकून ऐकत होत्या.

"बाई, तुम्ही एकदा आमच्या घरी या," मी म्हणाले. "सासूबाईंशी बोला. तुमचं ऐकतील. माझं कुणी ऐकणार नाही."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग अंगणात. "यमुना, माझ्यानं आता ते नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "मी इथे व्याकरण शिकवते. तेवढंच शिकवते. मुली पास होतात." घंटा झाली. त्यांनी माझ्या दंडावर क्षणभर हात ठेवला आणि वर्गात गेल्या. मी व्हरांड्यात उभी होते. आतून सगळ्या मुली एका सुरात विभक्तीचे प्रत्यय म्हणू लागल्या. त्यांच्या त्या सुरात बाईंचा आवाज वेगळा ऐकू येत नव्हता.

मला मुलगी झाली. सासूबाईंनी विळा उशाशी ठेवला, सुइणीनं नाळ त्याच विळ्यानं कापली, वर चिमूटभर राख दाबली. मी बाजेवरून हात पुढे केला होता, बोललेही होते. सुईण म्हणाली, बाळंतीण बरळते आहे. मग मी दिवस मोजत बसले. पाचवी झाली. त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी मी तिच्या ओठांवर बोट ठेवून पाही. ती ओढी. ती ओढतच राहिली. बारशाला सासूबाईंनी तिला पाळण्यात घातलं, गालावरून बोटं मोडली आणि सगळ्या बायकांसमोर, प्रेमानंच, मला म्हणाल्या, "पाह्य, झालं का काई राखेनं? उगाच भेऊन रायली होती." बायका हसल्या. पाळण्यात माझी पोर धडधाकट पाय झाडत होती, आणि मी पुन्हा तिच्या ओठांवर बोट ठेवून पाहिलं.